पाहणाऱ्याचा धर्म

वस्त्र हें शरीर झांकण्यासाठीं आहे, कीं शरीराकडे लक्ष वेधण्यासाठीं आहे, हा वाद मनुष्य वस्त्र नेसावयास शिकला तेव्हांपासून चालू असावा; आणि तो मिटण्याचा संभव आजहि दिसत नाहीं. ‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ असें म्हणणारे लोक आणि कपड्यांवरून माणूस ओळखूं नये असें सांगणारे लोक बहुधा एकाच घरांत राहतात. इतकेंच नव्हे, तर हीं दोन्ही मतें पुष्कळदां एकाच माणसाच्या तोंडून एकाच दिवशीं निघतात. सकाळीं मुलास साधेपणाचा उपदेश करणारा गृहस्थ सायंकाळीं लग्नास निघतांना आरशासमोर चार वेळां उभा राहतो. ह्या विसंगतीचें दर्शन अलीकडे ज्या एका प्रसंगीं घरोघर घडतें, तो प्रसंग म्हणजे दूरचित्रवाणीवरील पुरस्कारसोहळ्याची रात्र होय. त्या रात्रीं पाहणाऱ्याच्या मनांत जे विचार उठतात आणि तोंडून जे शब्द निघतात, त्यांचा नीतीच्या दृष्टीनें विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

सोहळा नांवाला गुणगौरवाचा असतो. वर्षभरांत उत्तम अभिनय कोणी केला, संवाद कोणी लिहिले, संगीत कोणी दिलें, ह्याचा निवाडा तेथें व्हावयाचा असतो. परंतु दुसऱ्या दिवशीं कचेरींत, शाळेच्या शिक्षकखोलींत किंवा हळदीकुंकवास जमलेल्या मंडळींत कान देऊन ऐकावें, म्हणजे त्या निवाड्याची गोष्ट क्वचितच निघते, असें आढळून येईल. कोणती नटी काय नेसली होती, कोणाचा झगा जमिनीवर किती लोळत होता, कोणत्या नटानें वयास न शोभणारा पोशाख केला होता, हीच चर्चा. आमचा भंडारा जिल्हा मुंबईपासून इतका दूर. परंतु तुमसर-साकोलीच्या घरांतूनहि ही चर्चा मुंबईइतक्याच अधिकारवाणीनें चालते.

हें असें कां व्हावें, ह्याचें उत्तर थोडेंसें इतिहासांत आहे. अमेरिकेंतील ज्या ऑस्कर पारितोषिकांच्या धर्तीवर जगांतील पुष्कळसे सोहळे बेतलेले आहेत, त्यांचा पहिला समारंभ १६ मे १९२९ रोजीं हॉलिवुडमधील एका हॉटेलांत भोजनप्रसंगीं झाला. पारितोषिकें वाटण्याचें काम सुमारें पंधरा मिनिटांत आटोपलें, आणि विजेत्यांचीं नांवें तर कित्येक आठवडे आधींच जाहीर झालेलीं होतीं. खुद्द दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांसाठीं असलेलीं एमी पारितोषिकें २५ जानेवारी १९४९ रोजीं प्रथम दिलीं गेलीं. आपल्याकडे फिल्मफेअर पारितोषिकांचा पहिला समारंभ २१ मार्च १९५४ रोजीं मुंबईच्या मेट्रो चित्रगृहांत झाला, तेव्हां पारितोषिकें अवघीं पांच होतीं. त्याच वर्षीं सरकारी राष्ट्रीय पारितोषिकांचा आरंभ होऊन आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ ह्या मराठी चित्रपटास राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें. पांचसात पारितोषिकें वाटावयास असा किती वेळ लागणार?

परंतु १९ मार्च १९५३ रोजीं ऑस्करचा समारंभ प्रथमच दूरचित्रवाणीवरून दाखविण्यांत आला होता, आणि प्रकार पालटण्यास तेथूनच प्रारंभ झाला. कॅमेऱ्यास क्षणोक्षणीं कांहीं तरी नवें पाहावयास लागतें. अभिनय हा गुण असा, कीं तो पाहण्यास सबंध नाटक किंवा सबंध चित्रपट पाहावा लागतो. वस्त्र मात्र एका दृष्टिक्षेपांत दिसतें. ज्या माध्यमास तासांमागून तास भरून काढावयाचे आहेत, त्यानें एका दृष्टिक्षेपांत दिसणाऱ्या गोष्टीचा आश्रय करावा, ह्यांत नवल तें काय? सभागृहाच्या दाराशीं लाल गालिचा आला. गालिच्यावर थांबून छबी देण्याची रीत आली. आणि कालांतरानें दाराबाहेरचा हा भाग आंतल्या भागाहूनहि अधिक उत्कंठेनें पाहिला जाऊं लागला. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. १९९९ सालीं अल्फा मराठी, म्हणजे आजची झी मराठी, निघाली. पुढें इतर वाहिन्याहि निघाल्या, आणि प्रत्येकीनें आपला सोहळा व आपला गालिचा मांडला. वर्षभर मालिकेंत साध्या लुगड्यांत वावरणारी सून त्या रात्रीं लांब झग्यांत अवतरते, आणि तिला वर्षभर आपली मानणाऱ्या घरांत एकच कुजबुज सुरू होते.

ह्याच्या अगदीं उलट प्रकार पाहावयाचा असल्यास दूर जाण्याचें कारण नाहीं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांच्या धानाच्या प्रदेशांत दिवाळीनंतर मंडईचे दिवस येतात, आणि झाडीपट्टीचीं नाटकें सुरू होतात. रात्रीं आरंभिलेलें नाटक उजाडेपर्यंत चालतें. थंडींत चादरी गुंडाळून बायकामुलेंहि तें शेवटपर्यंत पाहतात. तेथेंहि वेष भडक असतो, रंग चकचकीत असतात. पण तेथील वेष भूमिकेचा असतो, नटाचा नव्हे. राजाचा मुकुट पुठ्ठ्याचा आहे हें सर्वांस ठाऊक असतें. तरी प्रेक्षकाची दृष्टि मुकुटावर न अडतां राजाच्या दुःखापर्यंत पोचते. गडचिरोली जिल्ह्यांतील ज्या परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, त्यांची योग्यता लोकांनीं अशाच जागून काढलेल्या रात्रींतून ठरविली होती. गुण पारखावयाचा तर पारखणाऱ्यालाहि कांहीं तरी वेंचावें लागतें. वस्त्राविषयीं मत देण्यास मात्र कांहींच वेंचावें लागत नाहीं. आणि जें फुकट देतां येतें, तें मनुष्य सढळ हातानें देतो.

आतां ह्या मतप्रदर्शनाविषयीं दोन पक्ष संभवतात. एक पक्ष कडक आहे. त्याच्या मतें गुणगौरवाच्या प्रसंगीं वस्त्राकडे पाहणें हेंच क्षुद्रपणाचें लक्षण असून सुशिक्षित माणसानें त्यापासून दूर राहावें. दुसरा पक्ष मौजेचा आहे. तो म्हणतो, नटनट्या पाहिल्या जाण्यासाठींच नटलेल्या असतात; आपण घरीं बसून चार शब्द हंसून बोललों, तर कोणाचें काय बिघडलें? आमच्या मतें हे दोन्ही पक्ष चुकतात; आणि मौजेचा पक्ष कडक पक्षापेक्षां अधिक चुकतो.

प्रथम कडक पक्षाकडे वळूं. वस्त्र ही जर केवळ बाह्य आणि म्हणून तुच्छ गोष्ट असती, तर कोल्हापुरांत जन्मलेल्या भानु अथैया यांच्या यशाचा अर्थ काय लावावयाचा? १९८३ सालीं ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेबद्दल त्यांस जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर पारितोषिक मिळालें. तें मिळविणाऱ्या त्या पहिल्याच भारतीय. आणि तें मिळालें कोणाच्या चरित्रपटाबद्दल? ज्यानें सप्टेंबर १९२१ मध्यें मदुरा मुक्कामीं अंगावरचीं बहुतेक वस्त्रें उतरवून पंचा स्वीकारला, आणि १९३१ सालीं इंग्लंडच्या बादशहाच्या भेटीसहि जो तशाच वेषांत गेला, त्या पुरुषाच्या. वस्त्र धारण करणें हें जसें बोलणें आहे, तसें तें टाकणें हेंहि बोलणेंच आहे. गांधींचा पंचा हें त्यांचें एक वाक्य होतें, आणि तें ज्यांना वाचतां आलें नाहीं त्यांना गांधीहि पुरते कळले नाहींत. तेव्हां वस्त्राकडे पाहणें हा दोष नव्हे. विधवेचें लाल आलवण, वारकऱ्याची पताका, शेतकऱ्याचा खांद्यावरचा पंचा, नव्या सुनेचा शालू, ह्यांतून आपल्या समाजानें किती सांगितलें आणि किती जांचहि केला, ह्याचा हिशेब मोठा आहे. जो समाज वस्त्रांतून इतकें बोलतो, त्यानें वस्त्राकडे पाहूं नये असें म्हणणें म्हणजे कान असून ऐकूं नये असें म्हणण्यासारखें आहे.

गालिच्याचीहि गोष्ट तशीच आहे. सन्मान्य पाहुण्याच्या पायाखालीं वस्त्र अंथरणें ही रीत हॉलिवुडनें काढलेली नव्हे. ग्रीक नाटककार एस्किलस याच्या इ. स. पू. ४५८ मधील ‘अगामेम्नॉन’ नाटकांत ट्रॉय जिंकून आलेल्या राजापुढें राणी किरमिजी वस्त्रें अंथरते. असा मान देवांसच शोभतो असें म्हणून राजा कचरतो. शेवटीं तो पायांतील वहाणा काढून त्यांवरून चालत जातो, आणि घरांत जातांच मारला जातो. आपल्याकडे पायघड्या घालण्याची रीत आहेच. तुकोबांची पालखी पंढरीच्या वाटेवर बारामती तालुक्यांतील काटेवाडीस येते, तेव्हां तेथील परीट समाजाचे लोक पालखीपुढें धोतरांच्या पायघड्या घालतात. दोन्ही ठिकाणीं वस्त्र पायाखालीं आहे. पण भेद केवढा! काटेवाडीस जो अंथरतो त्याच्या मनांतील भाव हाच सोहळा असतो. पालखीच्या भोयांनीं काय घातलें आहे, हें कोणी पाहत नाहीं. नाटकांतील राणीच्या मनांत मात्र मान देण्याच्या मिषानें माणूस हेरावयाचा असतो. आपण प्रेक्षक त्या रात्रीं पडद्यापुढें बसतों, तेव्हां आपण काटेवाडीचे असतों कीं त्या राणीच्या बाजूचे, हा प्रश्न ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावा.

येथें मौजेच्या पक्षाचा विचार येतो. त्याचें म्हणणें वरवर निरुत्तर करणारें आहे. नटी पाहिली जाण्यासाठींच आली आहे, हें खरें. पुष्कळदां तिच्या अंगावरील पोशाख व दागिने एका रात्रीपुरते उसने आणलेले असतात, आणि देणाऱ्यानें ते जाहिरातीसाठींच दिलेले असतात, हेंहि खरें. आपण भंडाऱ्यास बसून जें बोललों तें तिला मुंबईंत ऐकूं जात नाहीं, हें तर निर्विवादच खरें. मग अपराध कोणाचा घडला?

ह्या युक्तिवादांत एक श्रोता विसरला जातो. पडद्यावरील नटीस आपले शब्द ऐकूं जात नाहींत. परंतु शेजारीं बसलेल्या मुलीस ते जातात. ‘ही केवढी सुटली आहे!’ ‘ह्या रंगावर हा पोशाख?’ ‘ह्या वयांत हें शोभतें का?’ असे उद्गार बाप, आजी, मामा, शेजारीण सहज काढतात. नटी दुसऱ्या दिवशीं आपल्या कामास लागते. तिला पैका आहे, कीर्ति आहे, पाठीराखे आहेत. पण तेरा वर्षांची मुलगी त्या रात्रीं मुकाट्यानें एक हिशेब मांडीत असते. ज्या स्त्रीस सगळें जग सुंदर म्हणतें, तिच्याविषयीं जर आपल्या घरचीं माणसें असें बोलतात, तर आपल्याविषयीं तीं मनांत काय म्हणत असतील? ती तसें विचारीत नाहीं; कारण असे प्रश्न आपल्या घरांतून विचारण्याची रीत नाहीं. ती फक्त दुसऱ्या दिवसापासून आरशापुढें अधिक वेळ उभी राहते, किंवा आरशापुढें उभें राहण्याचेंच टाळते. शेजारीं बसलेला मुलगाहि कांहीं शिकतो. स्त्रीच्या देहावर मत देणें हा आपला जन्मसिद्ध अधिकार असून त्यासाठीं तिची ओळखहि असावी लागत नाहीं, हा धडा त्याला बापाच्या हंसण्यांतून मिळतो. नटीनें पाहिलें जाण्यास संमति दिली असेल. ह्या मुलांनीं अशा शिक्षणास कोठें संमति दिली होती?

निंदेचा गुणच असा आहे, कीं ती जिच्यावर नेम धरून सोडली तिला क्वचितच लागते, आणि जवळ उभें असलेल्यास हटकून लागते. म्हणून दूरच्या माणसाविषयीं बोलण्याची मोकळीक ही वस्तुतः जवळच्या माणसाविषयींची जबाबदारी आहे. चौकांतल्या पारावर जें खपून जातें, तें घरच्या दिवाणखान्यांत खपूं नये. कारण पारावरचे श्रोते समवयस्क असतात, दिवाणखान्यांतले नसतात.

कोणी म्हणतील, मग निंदा न करतां स्तुति करावी. परंतु स्तुतीचेंहि प्रकरण वाटतें तितकें निर्दोष नाहीं. नोव्हेंबर २०२१ मध्यें राष्ट्रपतिभवनांत कर्नाटकांतील तुलसी गौडा ह्या आयुष्यभर झाडें लावून जोपासणाऱ्या वृद्ध बाई आपल्या जमातीच्या नेहमींच्या वेषांत, गळ्यांत मण्यांच्या माळा घालून, अनवाणी पायांनीं पद्मश्री घेण्यास गेल्या. तें छायाचित्र देशभर फिरलें, आणि साधेपणाच्या स्तुतीस पूर आला. त्याच महिन्यांत अकोले तालुक्यांतील राहीबाई पोपेरे यांसहि देशी बियाणें जतन केल्याबद्दल पद्मश्री मिळाली. आमच्या ऐकण्यांत ज्या स्तुति आल्या, त्यांपैकीं बहुतेक तुलसीबाईंच्या पायांविषयीं होत्या. रोप कोणत्या ऋतूंत लावावें, बीं कोणत्या झाडाचें घ्यावें, ह्या त्यांच्या विद्येविषयीं फारच थोड्या. म्हणजे झग्यावर खिळणारी आपली दृष्टि अनवाणी पायांवरहि तशीच खिळली. फरक एवढाच, कीं ह्या वेळीं ती स्वतःस सात्त्विक समजत होती. त्या बाई आपल्याला साधेपणाचा धडा देण्यासाठीं तशा गेल्या नव्हत्या. त्या रोज जशा असत तशा गेल्या होत्या. दुसऱ्याच्या रोजच्या जगण्याचा देखावा करून त्यावर हळहळणें किंवा भारावून जाणें, हीहि एक प्रकारची चैनच आहे. २०२४ च्या डिसेंबरांत त्या वारल्या. त्यांचीं झाडें राहिलीं.

मग पाहावें तरी कसें? आमच्या मतें पाहण्याच्या ह्या क्रियेंत तीन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि त्या वेगळ्या करतां आल्या पाहिजेत. एक कापड, दुसरी त्या कापडाची निवड, तिसरा तें ल्यालेला देह. कापडाविषयीं ज्याला कळतें त्यानें अवश्य बोलावें. ती विद्या आहे. निवडीविषयीं संयमानें बोलावें. ती रुचि आहे, आणि रुचींत मतभेद असावयाचेच. देहाविषयीं मात्र बोलूं नये. कारण देह ही कोणाची कृति नाहीं, आणि जी कृति नाहीं तिला ना पारितोषिक देतां येतें, ना दंड.

पहिल्या गोष्टीविषयीं बोलण्याचा अधिकार तर आमच्या जिल्ह्यास विशेषच आहे. मोहाडी आणि आंधळगांव हीं आमच्याकडील विणकरांचीं गांवें. ऐन आणि अर्जुन ह्या झाडांच्या पानांवर तसराचे किडे पोसतात. ढिवर समाजाचीं कुटुंबें पांखरांपासून व मुंग्यांपासून त्यांची राखण करतात आणि कोसे गोळा करतात. कोसे उकळून त्यांचा धागा काढावा लागतो. जुन्या रीतींत स्त्रिया तो मांडीवर वळून काढीत, आणि त्यानें मांडीची कातडी सोलवटून निघे. मग विणकर मागावर बसून तीन धोटे चालवितो, आणि रंगीत किनार व तसराचें अंग एकमेकांत असे गुंतवितो, कीं दोहोंच्या सांध्यावर करवतीचे दांते उमटतात. म्हणून त्या लुगड्यास ‘करवती’ म्हणतात. त्याला आतां भौगोलिक मानांकनहि मिळालेलें आहे. पण मानांकनानें माग चालत नाहीं, तो गिऱ्हाइकानें चालतो.

समजा, असें एखादें करवती एखाद्या नटीनें त्या रात्रीं नेसलें. गालिच्यावर उभा असलेला निवेदक तिला ठराविक प्रश्न विचारील, ‘हा पोशाख कोणाचा?’ आणि ती एका डिझायनराचें नांव घेईल. तें नांव खोटें नसेल. पण तें अपुरें असेल. रानांत रात्रीं जागलेला ढिवर, मांडी सोललेली बाई, धोटा चालविणारा कोष्टी, ह्यांपैकीं कोणाचेंहि नांव त्या उत्तरांत येणार नाहीं. पारितोषिकाच्या रात्रीं ज्यांस कोणी पारितोषिक देत नाहीं, अशीं हीं माणसें त्या गालिच्यावरून दुसऱ्याच्या अंगावर बसून जातात. त्यांस ओळखणारा डोळा मुंबईच्या सभागृहांत नसेल. भंडाऱ्याच्या दिवाणखान्यांत असावयास काय हरकत आहे? ‘ही किनार हातमागाची आहे, पाहा, दांते कसे अडकविले आहेत तें,’ असें एखादी आजी नातीस म्हणाली, तर तेंहि वस्त्राविषयींचेंच बोलणें झालें. पण त्या बोलण्यानें नातीच्या मनांत भीति राहत नाहीं, कुतूहल राहतें. तिला कळतें, कीं वस्त्राचें सौंदर्य हें कोणाच्या तरी हातांचें आहे, आणि हातांचें कौशल्य शिकतां येतें. देहाच्या निंदेंतून शिकण्यासारखें कांहींच नसतें.

येथें एक शंका येईल. रोजच्या श्रमानें शिणलेल्या माणसानें घटकाभर मौज करावयाची, तर तेथेंहि नीतिविचार आणून बसवावा कां? ह्यावर आमचें उत्तर असें, कीं मनुष्य कामाच्या वेळीं सावध असतो. त्याचें खरें मन मौजेच्या वेळींच बाहेर पडतें. कचेरींत स्त्रीशीं आदरानें बोलणारा गृहस्थ पडद्यावरील स्त्रीविषयीं कसें बोलतो, ह्यावरूनच त्याचा आदर कितपत खोल आहे हें मुलांस समजतें. उपदेश त्यांस पाठ होतो आणि विसरतो. सहज निघालेला उद्गार मात्र त्यांच्या ध्यानांत राहतो.

सोहळे होत राहतील. त्यांवर बहिष्कार घालावा, दूरचित्रवाणी बंद करावी, असें आम्ही म्हणत नाहीं. नटणें आणि नटलेलें पाहणें ह्या दोन्ही मनुष्याच्या निर्मळ हौसा आहेत, आणि हौस मेलेल्या घरांत पुण्य वाढतें असा आमचा अनुभव नाहीं. पाहावें, कापड आवडलें तर तें कोठलें, कोणीं विणलेलें असेल, हें एकमेकांस विचारावें, अभिनय आवडला असेल तर पारितोषिक हुकलेल्या नटाचेंहि नांव घ्यावें, आणि तोंडावर आलेला तो एक शब्द, जो पडद्यापलीकडे कधींच पोचणार नाहीं, तो काढण्यापूर्वीं खोलींत कोण बसलें आहे, इकडे एकवार पाहावें. पारितोषिक कोणास द्यावें हें ठरविणें परीक्षकांचें काम आहे. आपल्या घरांत कोणत्या दृष्टीस मान मिळावा, हें ठरविणें मात्र सर्वस्वीं आपलें आहे.